लहान झालेल्या पोटाचं पथ्यपाणी



वजन कमी करण्याचं ऑपरेशन होऊन माणूस घरी आला, की भेटायला येणारे सगळे विचारतात, "काही खाता येतं का आता?" माझं काम आहारतज्ज्ञाचं. पहिले दोन आठवडे मी मात्र रोज एवढंच विचारते, की आज पाणी किती गेलं पोटात? कारण या दिवसांत अशक्तपणा येतो, चक्कर येते, लघवी गडद पिवळी होते, हे सगळं बहुतेक वेळा पाणी कमी पडल्यामुळे. ऑपरेशननंतर पुन्हा दवाखान्यात भरती व्हावं लागण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे आणि ते घरच्या घरी टाळता येतं.

आपल्याकडे जास्त होतं ते स्लीव्हचं ऑपरेशन. त्यात जठराचा सुमारे पाऊण भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. तिच्यात 100 ते 150 मिलीलिटर मावतं. बायपास या दुसऱ्या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम 30 मिलीलिटरची पिशवी करतात आणि लहान आतड्याचा पुढचा भाग वर आणून तिला जोडतात. सुरुवातीला आतून सूजही असते. अशा पोटात ग्लासभर पाणी गटागटा जाणारच नाही. पण दिवसाकाठी दीड ते दोन लिटर तर जायला हवं. म्हणून हिशेब ठेवायचा तासाला 100 मिलीलिटरचा. जागेपणी पंधरा तास हे पाळलं, तर दीड लिटर होतं. एकेक घोट, तोही छोटा. साधं पाणी, गाळलेली पेज, पातळ ताक, शहाळ्याचं पाणी, गाळलेलं सूप, यांतलं डॉक्टरांनी ज्याला होकार दिला असेल ते. सोडा आणि फसफसणारी पेयं नकोत, त्यांनी पोटात वायू भरतो. फळांचा गोड रस आणि सरबतंही नकोत.

पुढचे टप्पे प्रत्येक दवाखाना थोड्याफार फरकानं सांगतो, म्हणून तुमच्या हातात दिलेला कागद प्रमाण माना. साधारणपणे पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, मग मिक्सरमधून काढलेलं गुळगुळीत अन्न, मग मऊ खिचडी, मऊ शिजलेली भाजी, अंडं, मासा, आणि सहा ते आठ आठवड्यांनी हळूहळू घरचं नेहमीचं जेवण. पोळी, ताजा पाव आणि मोकळा भात यांचा घास अडकतो, म्हणून ते शेवटी. बरं वाटायला लागलं म्हणून टप्पा ओलांडू नका. आतल्या टाक्यांना भरून यायला वेळ लागतो आणि ते बाहेरून कळत नाही.

घन अन्न सुरू झालं, की एक जुनी सवय सोडावी लागते. पानाशेजारी पाण्याचं भांडं ठेवायचं नाही. पाण्यानं जागा अडते, नाहीतर अन्न लवकर पुढे सरकतं आणि थोड्याच वेळात पुन्हा भूक लागते. जेवणानंतर अर्धा तास थांबून मग पाणी.

आता प्रथिनांविषयी जरा सविस्तर बोलते, कारण आपल्या घरांत सगळ्यात मोठी गल्लत इथंच होते. वरणाचं पाणी म्हणजे ताकद, अशी आपली समजूत आहे. पहिल्या दिवसांत पातळ पदार्थ म्हणून ते चालतं, पण त्यात प्रथिनं नावापुरती. ती डाळीत असतात आणि डाळ तर खाली बसलेली असते. ऑपरेशननंतर रोज साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम. कपभर, म्हणजे 200 मिलीलिटर दुधात साडेसहा. 50 ग्रॅम पनीरमध्ये नऊ. वाटीभर घट्ट मुगाच्या वरणात सहा-सात. बेरीज करून पाहा, म्हणजे एवढ्याशा पोटातून 60 ग्रॅम गाठणं किती कठीण आहे ते लक्षात येईल. म्हणूनच डॉक्टर प्रथिनांची पावडर देतात. ती पैसे काढायची युक्ती नाही. घास घ्यायचा, तोही आधी अंड्याचा, पनीरचा, माशाचा, डाळीचा, मग भाजीचा, आणि जागा उरली तर भाताचा. प्रथिनं कमी पडली की अंगातलं मांस झडतं, चालताना पाय भरून येतात. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, ते मात्र झपाट्यानं वजन उतरल्यामुळेही होतं आणि पुढे थांबतं. घाबरू नका.

गोडाचं वेगळं सांगायला हवं. विशेषतः बायपासनंतर साखर झपकन आतड्यात उतरते आणि घाम फुटतो, छातीत धडधडतं, पोटात मुरडा येऊन जुलाब होतात. पुरणपोळीच्या एका घासानंही हे होऊ शकतं. ज्यांना होत नाही त्यांच्यापुढे दुसरा धोका आहे. बिस्किट, चिवडा, आइस्क्रीम हे लहान पोटातूनही सहज उतरतं, पोट भरल्याचं कळतच नाही आणि वजन परत चढतं. दारू पूर्वीपेक्षा फार लवकर चढते. ती नकोच.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी जुना डोस आपल्या मनानं चालू ठेवू नये. खाणं एकदम कमी झालेलं असतं, साखर धोकादायक खाली जाऊ शकते. अंगदुखीवर आयबुप्रोफेनसारखी गोळीही परस्पर घेऊ नये, तिनं आत व्रण होतात. लोह, कॅल्शियम, बी-12 आणि ड जीवनसत्त्व मात्र जन्मभर घ्यायचं आहे. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा आणि लोहाच्या गोळीबरोबर चहा घेऊ नका. शाकाहारी माणसाला बी-12 आधीच कमी मिळतं, त्यानं तर याची टाळाटाळ मुळीच करू नये.

काही वेळा मात्र घरी थांबायचंच नाही. ताप आला, पोटात जोराचं दुखू लागलं, नाडी मिनिटाला 120 च्या वर राहिली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. उलट्या दोन-तीन दिवस थांबत नसतील तरीही. सतत उलट्या झाल्या की बी-1 जीवनसत्त्व संपतं, नजर आणि तोल बिघडतो आणि उशीर झाला तर मेंदूला कायमची इजा होते.

शेवटी घरच्या मंडळींशी बोलते. आपल्याकडे प्रेम दाखवायची रीत म्हणजे आग्रह. "एवढंसं तर खाल्लंस, अजून एक घास घे" असं म्हणताना मन चांगलंच असतं, पण त्या जास्तीच्या एका घासानं या माणसाला छातीत कळ येते, उलटी होते, आणि मग तो सगळ्यांबरोबर जेवायला बसायचंच टाळतो. त्याला लहान वाटी आणि लहान चमचा द्या, त्याच्या शेजारी बसून तुम्हीही सावकाश जेवा. वीस-पंचवीस मिनिटं लागतात, लागू द्या. त्यानं पुरे म्हटलं, की वाटी उचला. उपासांचंही सांगते. हरतालिकेचा निर्जळी उपास पहिल्या वर्षी धरूच नका आणि पुढे धरायचा झाल्यास डॉक्टरांना विचारून. एकादशीचा साबुदाणा म्हणजे नुसतं पिष्ट. त्याऐवजी दूध, दही घ्या.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा घरात जो स्वयंपाक करतो, त्यालाही बरोबर न्या. आहाराचा तो कागद पेशंटच्या फायलीत नको, स्वयंपाकघरातल्या भिंतीवर लावा.