खेळण्यातली विमाने आणि आपला रंधा
(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात लोणावळे येथे केलेले भाषण)



आम्हांस पंधरा मिनिटे दिली आहेत आणि विषय निवडण्याची मुभाही दिली आहे. निवृत्त शिक्षक उभा राहिला की तो शिक्षणाचे महत्त्व सांगणार, अशी मनाची तयारी करूनच आपण बसला असाल. आज आम्ही प्लॅस्टिकच्या विमानांविषयी आणि रणगाड्यांविषयी बोलणार आहोत.

त्यास कारण घडले ते असे. गतवर्षी याच सभागृहातील हस्तकला प्रदर्शनात ज्ञातीतील दोन मुलांनी लढाऊ विमानांच्या व रणगाड्यांच्या लहान प्रतिकृती मांडल्या होत्या. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्या पाहून विचारले, ‘‘ही तर विकतची खेळणी. यात हस्तकला ती कोणती?’’ दुसरे म्हणाले, ‘‘पोरांच्या हाती लढाईची हत्यारे कशाला?’’ यंदा मंडळापुढे प्रश्न आला आहे की, या वस्तूंस प्रदर्शनात जागा द्यावी किंवा कसे. निर्णय अद्याप व्हावयाचा आहे. त्या दोन मुलांपैकी एकाचे आम्ही आजोबा आहोत, हे आरंभीच सांगून टाकतो. म्हणजे पक्षपाताचा आरोप मागाहून नको.

आमचे वडील मावळातील एका खेड्यात बलुत्यावर सुतारकी करीत. नांगर, पाभर, गाड्याची चाके हा त्यांचा नित्याचा व्यवसाय. आम्ही सहा-सात वर्षांचे असताना त्यांनी उरलेल्या सागवानी तुकड्यांतून आमच्यासाठी वीतभर लांबीची बैलगाडी केली होती. तिच्या चाकाला बारा आरे होते, कारण मोठ्या चाकाला बारा असत. जूही गाडीला शोभेल एवढेच, केसभर अधिक नाही. आम्ही मोठ्या कौतुकाने गाडीवर मातीचा शेतकरी बसविला, तेव्हा ते हसून म्हणाले, ‘‘अरे, हा उभा राहिला तर गाडी खांद्यावर घेऊन जाईल.’’ प्रतिकृती, प्रमाण हे शब्द त्यांच्या तोंडी कधी आले नाहीत. पण ती गोष्ट त्यांच्या हातात होती.

आता आपल्या मावळातील दिवाळीचा किल्ला घ्या. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे ज्यांच्या दारातून दिसतात, त्या मुलांना किल्ला शिकवावा लागत नाही. दगड रचावे, वर चिखल थापावा, मोहरी अथवा अळीव पेरून हिरवळ उगवावी, शिखरावर महाराजांची मूर्ती आणि बुरुजाबुरुजावर मावळे. हे सारे आम्हीही केले. परंतु शिक्षक झाल्यावर एकदा मुलांकडून हिशेब करवून घेतला. बाजारातील मावळा तीन इंच उंच. खरा मनुष्य साडेपाच फूट धरला, तर तो बाविसांश झाला. लोहगड पायथ्याच्या सपाटीपासून सुमारे चारशे मीटर उंच धरला, तर त्याच हिशेबाने आमच्या अंगणातील किल्ला साठ फूट उंच व्हावयास हवा होता. आमचा होता अडीच फूट. वर्ग खो खो हसला. पण पुढच्या वर्षी त्याच मुलांनी मावळे अजिबात मांडले नाहीत आणि लोहगड व विसापूर शेजारीशेजारी मापाने उभे केले. तेव्हा एका मुलीच्या ध्यानात आले की, विसापूर लोहगडापेक्षा उंच आहे. आहेच, सुमारे पन्नास मीटरांनी. मग १८१८ सालची गोष्ट आम्हांस सांगावी लागली. प्रोथरच्या इंग्रज फौजेने ४ मार्च रोजी विसापूर घेतला आणि दुसऱ्याच दिवशी लोहगड पडला. शेजारच्या उंच गडावर शत्रूच्या तोफा चढल्यावर खालच्या गडाने काय करावे? हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत असते. त्या मुलीने ते मातीत पाहिले. २०२५ साली लोहगड जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा आम्हांस प्रथम त्या मातीच्या ढिगाची आठवण झाली.

आता प्लॅस्टिककडे वळू. ही विमाने विकत आयती मिळतात, हा मोठा गैरसमज आहे. पेटीत विमान नसते. पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकच्या चौकटींत जडलेले पन्नास, शंभर, कधी तीनशे सुटे भाग असतात. प्रत्येक भाग धारदार पात्याने कापून घ्यावयाचा, कापल्या जागेची गाठ कानशीने व काचकागदाने घासावयाची, कोरडा लावून सांधा पाहावयाचा आणि मग चिकटवावयाचा. येथे एक मौज आहे. यासाठी जे पातळ द्रव वापरतात, ते आपल्या सरसासारखे दोन भागांच्या मध्ये राहत नाही. ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करते आणि स्वतः उडून जाते. म्हणून सांधा चुकला तर उकलता येत नाही. सरसाचा सांधा गरम पाण्याने सुटतो. हा सुटत नाही. आमच्या नातवाच्या पहिल्या तीन विमानांचे पंख वाकडे आहेत, ते याच कारणाने.

प्रमाणे ठरलेली असतात. विमानांस बहुधा बाहत्तरांश किंवा अठ्ठेचाळिसांश, रणगाड्यांस पस्तिसांश. बाहत्तरांशाचे मर्म सोपे आहे : सहा फुटांचा एक इंच, म्हणजे उंच मनुष्य बरोबर इंचभर. इंग्लंडातील एअरफिक्स या कंपनीने १९५३ साली या मापात स्पिटफायर विमान काढले आणि मध्यमवर्गीय घरांतून हा छंद पसरला. पस्तिसांशाची कथा याहून गमतीची. जपानातील तामिया कंपनीने १९६० नंतर आरंभी पँथर रणगाडा काढला, तेव्हा आत मोटार व विजेरीचे सेल मावले पाहिजेत म्हणून जे माप आले ते आले, आणि पुढे तेच जगाने स्वीकारले. आपण लक्षात घ्यावे ते निराळेच. ही तामिया कंपनी १९४६ साली शिझुओका येथे लाकडाच्या धंद्यात जन्मली. आरंभी तिच्या प्रतिकृती लाकडाच्याच होत्या. म्हणजे करवतीचे लोक प्लॅस्टिककडे गेले. आपण मात्र प्लॅस्टिक म्हणताच नाक मुरडतो.

रंगाविषयी लोणावळेकरांस एक सूचना. येथे पावसाळ्यात दीडशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. त्या दमट हवेत पॉलिश मारले तर ते पांढुरके पडते, हे आपल्या घरांतील पोरासोरांसही ठाऊक. या प्रतिकृतींच्या काही रंगांची तीच गत होते. म्हणून आषाढ-श्रावणात केवळ घासणे-जोडणे, आणि रंग दसरा झाल्यावर. नातवाने आमचे न ऐकता श्रावणात एक विमान रंगविले. त्यावर बुरशी चढल्यासारखे दिसते. ते त्याने पहिल्या ओळीत मांडले आहे, हे आम्हांस आवडले.

निवृत्तीनंतर एका संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून आम्ही मॉस्किटो नावाच्या विमानाचे दोन अर्धे भाग हातांत धरले होते. पेटीवरील माहिती तो वाचून दाखवीत होता. मध्येच थांबून म्हणाला, ‘‘आबा, हे खरे विमान लाकडाचे होते!’’ आम्हांस खरे वाटेना. पण ते खरे होते. १९४० च्या नोव्हेंबरात प्रथम उडालेले हे इंग्रजी विमान बर्चच्या पातळ फळ्यांच्या दोन थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड घालून, साच्यावर दाबून केलेले होते. अंगाचे डावे व उजवे असे दोन अर्धे निराळे करीत आणि मग जोडीत. अगदी आमच्या हातांतील भागांप्रमाणे. धातूची टंचाई होती आणि फर्निचर करणारे सुतार रिकामे होते. त्यांच्या कारखान्यांतून त्याचे भाग निघाले. ते आपल्या काळातील अत्यंत वेगवान विमानांपैकी एक ठरले. १९४४ च्या अखेरीस भारत-ब्रह्मदेशाकडील काही मॉस्किटो हवेतच मोडली, तेव्हा तिकडची सारी विमाने तपासणीसाठी जमिनीवर ठेवावी लागली. येथील उष्ण दमट हवेत चिकटद्रव सुटले काय, असा वाद झाला. चौकशीत पंखांचे जोड नीट न बसविल्याचा दोषही पुढे आला. सांधा ढिला ठेवणारा सुतार आणि त्यावर विश्वासून बसलेले दोन वैमानिक! त्या रात्री आम्ही बराच वेळ जागे होतो. वडिलांचा रंधा आमच्या घरी माळ्यावर आहे. आम्ही मॅट्रिक होऊन खडू हाती घेतला आणि तो पुन्हा खाली काढला नाही.

बाहत्तरांश विमाने शाळांतूनही झाली आहेत. १९४२ साली अमेरिकन नौदलाने तेथील शाळांच्या सुतारशाळांकडे पाच लक्ष लाकडी प्रतिकृती मागितल्या. आकाशात दिसलेले विमान आपले की शत्रूचे, हे सैनिकांस आकारावरून ओळखता यावे म्हणून. आपल्या लोणावळ्यातील आयएनएस शिवाजी १९४५ पासून नौदलाच्या यंत्रविद्येचे शिक्षण देत आहे, हे आपण जाणतो. परंतु नौदलाच्या जहाज-सुतारकामाची शाळा विशाखापट्टणास आहे आणि तिचे नाव आयएनएस विश्वकर्मा आहे, हे आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे?

आता दुसऱ्या आक्षेपाकडे येतो. तो पहिल्यासारखा हसण्यावारी नेता येत नाही. हत्यारे ती हत्यारेच.

नातवाने पस्तिसांशात सेंच्युरियन रणगाडा केला. वीतभर लांबीचा. त्यास ‘फामागुस्ता’ नाव द्यावयाचे होते. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर नदीच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या रणगाड्यात लढले, तो हा. रणगाड्यास आग लागल्यावर त्यांस बाहेर पडण्यास सांगण्यात आले. तोफ चालते आहे तोवर त्यांनी ते मानले नाही. वय एकवीस. मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. तो रणगाडा अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील चिलखती दलाच्या केंद्रात जतन करून ठेविला आहे. त्या शहरात १९९४ साली स्थापन झालेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तेथे आम्ही मुलास घेऊन गेलो. पन्नास टनांच्या पोलादाजवळ उभे राहून त्याने हाताने चाकांची उंची मोजली. घरी आल्यावर विचारले, ‘‘आबा, गोळा कोठे लागला ते दाखवावे काय? आणि आत माणसे किती असत?’’ चार, आम्ही सांगितले. त्याने झाकण बंद चिकटविण्याचे टाळले, ते उघडे ठेविले आणि आत पाहत राहिला. रंगवावयास आठ दिवस लागले. एरवी दोन लागतात.

लाकडी बंदूक घेऊन ठो ठो करीत धावणारे मूल आम्ही शाळेत सदतीस वर्षे पाहिले. ते मूल असे प्रश्न विचारीत नाही. तरीही ज्या घरी कोणी सैन्यात गमावला आहे, त्या घरच्या माणसास हे टेबल पाहून काय वाटेल, याचे उत्तर आमच्यापाशी नाही. अशा कोणा सभासदाने ‘नको’ म्हटले, तर आम्ही वाद घालणार नाही. मंडळाने प्रथम त्यांस विचारावे, असे आमचे मत आहे.

खर्चाविषयी. नातवाच्या पहिल्या संचास आम्ही चौदाशे रुपये मोजले, रंग निराळे. प्रत्येक घरास हे झेपणारे नाही, आणि श्रीमंताच्या मुलाची पेटी मोठी म्हणून बक्षीस त्यास, असे झाले तर प्रदर्शन न भरविलेले बरे. म्हणून आमची मागणी एवढीच की, सभागृहातील मागच्या खोलीत एक कपाट असावे. त्यात पाती, कानशी, रंग समाईक ठेवावे आणि वर्षाकाठी चार-पाच संच संस्थेने घ्यावे. ज्यास लाकडात करावयाचे आहे, त्यास लाकूड द्यावे. हात शिकविण्यास वडीलधारी मंडळी आहेत. चिकटद्रवाचा वास डोक्यात जातो, तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात आणि लहान मुलांसमवेत कोणी मोठा हवा. पहिल्या वर्षाचा खर्च आमच्या निवृत्तिवेतनातून देण्याची तयारी आहे.

शेवटी एक कबुली. १९८७ साली, मावळातील ज्या शाळेत आम्ही होतो तेथे, सातवीतील एक मुलगा गणिताच्या तासाला बाकाखाली काहीतरी करीत होता. आम्ही ते हिसकावून घेतले. मुंबईच्या मामाने आणून दिलेले नॅट विमान होते. १९६५ च्या युद्धात नावाजलेले ते इवलेसे लढाऊ विमान. बाहत्तरांश, पंखांची लांबी पावणेचार इंचांच्या आत. त्या तासाला आम्ही गुणोत्तर व प्रमाण शिकवीत होतो! विमान कपाटात हजेरीपत्रकांखाली टाकले. एक पंख मोडला. मुलाने ते परत मागितले नाही आणि आम्हीही दिले नाही. पुढे तो शाळा सोडून गेला. २०१६ साली निवृत्त होताना कपाट रिकामे करताना ते सापडले. नातू म्हणाला, पंख जोडून देतो. आम्ही नको म्हटले. वस्तू आपली नव्हे.

तो मुलगा आपल्याच ज्ञातीतील होता. आज पन्नाशीजवळ आला असेल. ते विमान आम्ही येताना आणले आहे. प्रदर्शनाच्या टेबलावर, डाव्या कोपऱ्यात, एका आगपेटीत पंख निराळा ठेविला आहे. तो या सभागृहात असेल, किंवा त्याच्या घरचे कोणी असेल, तर भोजनापूर्वी घेऊन जावे.