इंग्रजीची परीक्षा की परीक्षेचे इंग्रजी?



नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात, सांगवीसारख्या उसाच्या गावी, इंग्रजी ही केवळ भाषा उरलेली नाही. नोकरीच्या दाराची ती कडी झाली आहे. 2000 साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, तेव्हा बहुजनांच्या मुलांना समान संधीचे आश्वासन मिळाले होते. ते कितपत फळाला आले, याचा हिशेब श्रमिकांनी मागितलाच पाहिजे.

हा हिशेब गुणपत्रिकेवरून लागत नाही. दहावीच्या इंग्रजीत लेखी परीक्षेला 80 गुण, तोंडी व अंतर्गत कामाला 20. पत्र आणि निबंध गाइडातून पाठ करून उतरवता येतात. तोंडीचे गुण शाळाच देते आणि शाळेला निकालाची चिंता असते. पुढे उत्तीर्ण विद्यार्थी मुलाखतीत दोन वाक्ये बोलताना अडखळतो. दोष मात्र त्याच्याच माथी येतो.

‘असर’ सर्वेक्षणाची रीत निराळी आहे. कार्यकर्ता घरी जाऊन एकेका मुलाजवळ बसतो. अक्षरे, शब्द, सोपी वाक्ये वाचायला देतो आणि अर्थ विचारतो. 2016 साली देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या 24.7 टक्के मुलांना सोपी वाक्ये वाचता आली. 2022 साली 24.5 टक्के. सहा वर्षांत काटा जागचा हलला नाही.

या चाचणीत अर्थ स्वभाषेत सांगितला तरी चालतो. मातृभाषा ही इंग्रजीची वैरीण नसून पायरी आहे, हे सत्य त्यात मान्य झाले आहे. लोहियांचा विरोध इंग्रजी शिकण्याला नव्हता, इंग्रजीच्या सत्तेला होता. वाचन, लेखन आणि संभाषण यांची प्रामाणिक तपासणी न करता गुण वाटणे म्हणजे ती सत्ता अबाधित ठेवणे होय. शिकवणी परवडणारा तरून जातो. ऊसतोडीच्या हंगामात आई-बापांमागे फिरणारे पोर वर्षअखेरच्या एका परीक्षेत हरते.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सांगितले आहे. त्याचा अर्थ कोरे रकाने भरणे नव्हे. मूल कोठे अडले हे शोधून तेथूनच शिकवणे, हा त्याचा अर्थ. कार्यकर्त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीत हाच प्रश्न विचारावा: गुण किती, हे नको, मुलाला वाचता, लिहिता, बोलता काय येते, ते सांगा. आणि शिक्षकाच्या मागची अशैक्षणिक कामे कमी करण्याची मागणीही त्याच दमात करावी. मापन हे चाळण नव्हे, औषधापूर्वीची नाडीपरीक्षा आहे.