हळदीचा गुण : वाण, माती आणि मेहनत



चरकसंहितेच्या कल्पस्थानात वनस्पती कोणत्या भूमीतील घ्यावी, कोणत्या ऋतूत काढावी आणि कशी साठवावी, याचा विचार केलेला आहे. औषधाचा गुण केवळ वनस्पतीच्या नावात नसतो, हे त्यामागील तत्त्व होय. मिरज तालुक्यातील हळद ही त्याची जिवंत साक्ष आहे.

हळदीचा पिवळा रंग आणि तिचे बरेचसे औषधी महत्त्व कुरकुमीन या द्रव्यावर अवलंबून असते. त्याचे प्रमाण प्रथम वाण ठरवितो. कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेच्या प्रभा व प्रतिभा या वाणांत ते ६ टक्क्यांहून अधिक आढळते. अन्य अनेक वाणांत ते बरेच कमी असते. परंतु एकच वाण दोन भिन्न गावी लावला, तरी माती, पाणी व हवामान यांनुसार हे प्रमाण बदलते. २०१६ साली वर्धा जिल्ह्यातील वायगाव हळदीस आणि २०१८ साली सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन लाभले, ते भूमी व गुण यांच्या याच नात्यामुळे.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलेले पीक आठ-नऊ महिने जमिनीत राहते. पाला पिवळा पडून वाळण्यापूर्वीच काढणी केली, तर उतारा घटतो आणि कंदही अपक्व राहतो. पाणी साचले, तर कंदकुज होते. कृष्णाकाठी अतिरिक्त पाण्यामुळे क्षारपड झालेल्या जमिनी हा यासाठीच गंभीर प्रश्न आहे. पाण्याचा निचरा हा हळदीचा पाया होय.

शेतात आलेला गुण काढणीनंतरही जपावा लागतो. हळद प्रमाणाबाहेर शिजविल्यास रंग बिघडतो. प्रखर प्रकाशात कुरकुमीनचा ऱ्हास होतो. कृष्णा-वारणा संगमावरील हरिपूरच्या अंधाऱ्या, हवाबंद पेवांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता टिकत असे. २००५ च्या महापुराने त्या पेवांची मोठी हानी केली.

गुण डोळ्यांनी ओळखता येत नाही, हीच खरी अडचण आहे. रंग खुलविण्यासाठी लेड क्रोमेटसारखे विषारी द्रव्य मिसळल्याचे प्रकार देशात उघडकीस आले आहेत. केवळ रंग पाहून भाव ठरला, तर काळजीने पिकविणाऱ्याची मेहनत वाया जाते आणि रुग्णाची फसवणूक होते.

म्हणून ग्रामपंचायतींनी माती परीक्षण आणि सामुदायिक निचरा चर यांस अग्रक्रम द्यावा. कसबे डिग्रज येथील हळद संशोधन केंद्र याच तालुक्यात आहे. तेथील मार्गदर्शन गावोगावी पोहोचविणे हे विस्तार कर्मचाऱ्यांचे काम आहे. शिक्षकांनी दोन प्रकारच्या मातीत एकाच वाणाचे कंद लावून मुलांना फरक दाखवावा. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन आपल्या मालाचे नमुने प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत आणि त्या दाखल्याच्या बळावर भाव मागावा. मानांकनाने गावाचे नाव जगापुढे गेले आहे. त्या नावाला साजेसा गुण प्रत्येक हळकुंडात उतरविणे आपल्या हाती आहे.