जमिनीला बांधलेलं रॉकेट

श्रीहरिकोट्याहून एखादं यान झेपावलं, की दुसऱ्या दिवशी शाळा-कॉलेजांत एक प्रश्न हमखास येतो : ‘सर, आपण रॉकेट बनवू या का?’ सर घुटमळतात. पालकांच्या डोळ्यांसमोर दिवाळीत भाजलेले हात येतात. अशा मुलांना काय सांगावं? सरळ नाही म्हणावं, की हो म्हणावं? आणि हो म्हटलं, तर कोणत्या अटीवर? या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या काही तरुणांनी शोधलं. त्यांची गोष्ट आज आपण ऐकणार आहोत.

पॅसाडेना शहरात कॅलटेक नावाची नामांकित तंत्रशिक्षण संस्था आहे. १९३५ साली तिथल्या एका विद्यार्थ्यानं रॉकेटवर चालणाऱ्या विमानाच्या कल्पनेवर व्याख्यान दिलं. त्याची बातमी स्थानिक वर्तमानपत्रात आली. ती वाचून दोन तरुण कॅलटेकच्या दारात येऊन उभे राहिले. एक जॅक पार्सन्स, स्वतःच्या जोरावर रसायनं शिकलेला. दुसरा एड फोरमन, हातात कसब असलेला मेकॅनिक. दोघांकडेही पदवी नव्हती. लहानपणापासून बारुदाची रॉकेटं उडवण्याचा नाद मात्र होता. तिथं त्यांची गाठ फ्रँक मलीना या विद्यार्थ्याशी पडली. मलीनाला रॉकेटवर डॉक्टरेट करायची होती. एका प्राध्यापकांनी त्याला ‘त्यापेक्षा विमान कारखान्यात नोकरी धर’ असा सल्ला दिला होता. त्या काळी रॉकेट म्हटलं की विद्वान माणसं हसत. तो गोष्टीच्या पुस्तकातला विषय होता.

मलीना मग थिओडोर फॉन कारमान यांच्याकडे गेला. विमानशास्त्रातलं हे फार मोठं नाव. त्यांनी ऐकून घेतलं आणि होकार दिला. पार्सन्स आणि फोरमन संस्थेचे विद्यार्थी नसतानाही त्यांना मलीनाबरोबर काम करू दिलं. मात्र पैसे मिळाले नाहीत. ते तुमचे तुम्ही बघा!

इथं मुलांमध्ये पहिला वाद झाला. पार्सन्स आणि फोरमन यांना रॉकेट उडवायचं होतं, तेही लवकरात लवकर. मलीनाचं म्हणणं, आधी इंजिन. तेही जमिनीला घट्ट बांधून.

यामागचं कारण समजून घेऊ. फुगा फुगवून तोंड न बांधता सोडला, की हवा एका बाजूला जाते आणि फुगा दुसऱ्या बाजूला पळतो. रॉकेटचं इंजिनही याच तत्त्वावर चालतं. एका बंद कोठडीत इंधन आणि ऑक्सिजन एकत्र जळतात, प्रचंड दाबाचा तप्त वायू तयार होतो आणि तो अरुंद तोंडातून वेगानं बाहेर पडतो. त्याच्या उलट दिशेला जो रेटा मिळतो, त्यावर रॉकेट चढतं. ऐकायला सोपं आहे. पण कोठडीची भिंत ती उष्णता किती वेळ सोसेल? रेटा किती मिळेल? तो एकसारखा राहील का? उडालेलं रॉकेट यातलं काहीच सांगत नाही. ते वर गेलं तर आपण टाळ्या वाजवतो, फुटलं तर तुकडे गोळा करतो. बांधलेलं इंजिन मात्र आकडे देतं. शेवटी मलीनाचं म्हणणं मान्य झालं.

सुटे भाग भंगारातून आणले, काही उसने घेतले. ३१ ऑक्टोबर १९३६ रोजी हे तरुण अरोयो सेको नावाच्या कोरड्या नदीपात्रात गेले. इंधन मिथिल अल्कोहोल, जोडीला ऑक्सिजन वायू. इंजिनाभोवती वाळूची पोती रचली. टाक्या आणि माणसं दूर. इंजिनाचा रेटा एका स्प्रिंगवर पडायचा आणि स्प्रिंग किती दबली, ते हिऱ्याचं बारीक टोक काचेवर ओरखडा काढून नोंदवायचं. खिशात दमडी नसलेल्या मुलांनी मोजमापाची ही सोय मात्र चुकवली नव्हती.

प्रयोग फसला. अखेरच्या प्रयत्नात ऑक्सिजनची नळीच पेटली आणि जमिनीवर सापासारखी सळसळू लागली. सगळे जीव घेऊन पळाले. पण ते पुन्हा आले. दोष शोधले, नोव्हेंबरमध्ये पुन्हा चाचण्या केल्या. आणि जानेवारी १९३७ मध्ये ते इंजिन ४४ सेकंद चाललं. जागचं न हलता!

४४ सेकंद म्हणजे फार नव्हे. पण त्यामुळे संस्थेचा विश्वास बसला आणि आवारात प्रयोग करायची परवानगी मिळाली. वेल्ड अर्नोल्ड नावाच्या एका विद्यार्थ्यानं हजार डॉलर द्यायचं कबूल केलं आणि पहिला हप्ता वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सुट्ट्या नोटांच्या रूपानं आणून दिला. पुढं एकदा इमारतीत नायट्रोजन डायऑक्साइड वायू सुटला आणि तिथली चकचकीत उपकरणं गंजली. कॅलटेकमध्ये त्यांना ‘आत्मघातकी पथक’ असं नाव पडलं. कारमान यांनी त्यांना इमारतीबाहेर काढलं, पण काम बंद केलं नाही.

विमानाला उड्डाणाच्या वेळी जोर देणारी घन इंधनाची रॉकेटं करायचं काम पुढं आलं, तेव्हा इंधनाच्या कांड्या फुटू लागल्या. अशी कांडी सावकाश जळणं मुळात शक्य आहे का, हाच प्रश्न होता. १९४० साली कारमान यांनी समीकरणं मांडली, मलीनानं ती सोडवली. उत्तर आलं, की शक्य आहे. जळणारा पृष्ठभाग आणि वायू बाहेर पडायचं तोंड यांचं प्रमाण कायम राखलं, तर दाब स्थिर राहतो. मग १९४२ मध्ये पार्सन्सनं चक्क डांबर वापरलं. डांबरात पोटॅशियम परक्लोरेट मिसळून ओतता येईल असं, सहजी तडे न जाणारं इंधन तयार केलं. आज पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात रबरासारख्या पदार्थात बांधलेलं जे घन इंधन असतं, त्याचं कुळ या डांबरापर्यंत जातं. गणित मलीनाचं, हात पार्सन्सचा. एकट्यानं कुणालाच हे जमलं नसतं.

या गोष्टीला काळी बाजूही आहे. १९५२ साली पार्सन्स स्वतःच्या घरातल्या प्रयोगशाळेत झालेल्या स्फोटात गेला. वय अवघं ३७. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही! म्हणून घरात, गच्चीवर, फटाक्यांची दारू काढून हे प्रयोग कुणी करू नयेत, हे मी मुलांना हात जोडून सांगतो.

मग मुलांनी करायचं काय? लॉस एंजलिसच्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा अनुभव बघा. २०१८ साली त्यांनी स्वतः तयार केलेलं रॉकेट आकाशात झेपावलं. पण आतली नोंद करणारी यंत्रणाच सुरू केलेली नव्हती. किती उंच गेलं, कळायला मार्ग नाही. सगळे कष्ट बिननोंदीचे! पुढच्या वर्षी, एप्रिल २०१९ मध्ये, त्यांचं नवं रॉकेट सुमारे १०३ किलोमीटर उंचीवर गेलं. जाहीर करताना त्यांनी सांगितलं, की १०० किलोमीटरची सीमा ओलांडल्याची आमची खात्री ९० टक्के आहे. विद्यार्थ्यांच्या तोंडी असं मोजूनमापून केलेलं विधान मला त्या उंचीपेक्षाही मोलाचं वाटतं. आणि अवकाशाची ही सीमा ज्यांच्या नावानं ओळखली जाते, ते हेच आपले फॉन कारमान.

त्या नदीपात्राच्या काठी पुढं एक प्रयोगशाळा उभी राहिली. ‘रॉकेट’ या शब्दाला तेव्हा प्रतिष्ठा नसल्यामुळे तिचं नाव ठेवलं जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी, म्हणजेच जेपीएल. मंगळावर गाड्या उतरवणारी हीच ती संस्था. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला ‘निसार’ उपग्रह इस्रोनं याच जेपीएलच्या सोबतीनं तयार केला आहे.

तेव्हा शिक्षकहो, ‘रॉकेट बनवू या का’ असं मुलांनी विचारलं, तर हो म्हणा. पाण्याच्या दाबावर उडणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटलीपासून सुरुवात करा. पण पहिल्या दिवशी ती उडवू नका. घट्ट बांधा, मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली, अंतर राखून. खाली ताणकाटा लावा. पाणी किती घातलं, दाब किती दिला, रेटा किती मिळाला, हे मुलांना वहीत लिहू द्या. दहा चाचण्यांचे आकडे जमले, की कोणती बाटली जास्त उंच जाईल, ते मुलंच तुम्हाला आधी सांगतील. मग खुशाल उडवा.