चूल दिली, पुढे काय?



धुराड्याची चूल दिली म्हणजे आपली सेवा संपली नाही. साताऱ्याच्या कातकरी वाड्यांवर पावसाळ्यात चूल घरात धूर सोडू लागली, की बाई पुन्हा तीन दगड मांडते. तो धूर तिच्या कडेवरचे लेकरूही ओढते.

म्हणून भेटीला गेलात तर आधी पाहा: दुसऱ्या वैलावर भांडे आहे का? उघड्या वैलातून धूर येतो. धुराड्याचे टोक छपराच्या वर आहे का? आत काजळी साठली का? सरपण ओले आहे का? चूल विझवून, गार झाल्यावर काजळी काढा.

‘आरती’ संस्थेने सुधारित चुलींवर काम केले आहे. तिथे विचारता येईल.

पैशाबरोबर महिन्यातला एक दिवसही द्या. प्रभू तुम्हांस आशीर्वाद देवो.