दोन कंट्रोलर आणि एक लाल वायर

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

माझी सगळी नोकरी नाशिकजवळच्या एका कारखान्यात, विद्युत विभागात झाली. मोटारी, स्टार्टर आणि जनरेटर यांच्या संगतीतच केस पांढरे झाले. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात नातू आपली रिमोटची गाडी घेऊन समोर बसला आणि म्हणाला, "आजोबा, एवढं वायरिंग करून द्या ना," तेव्हा मी चष्मा पुसत म्हणालो, "आण इकडे. दहा मिनिटांचं काम आहे." त्या दहा मिनिटांची ही हकीकत.

गाडीला खेळणं म्हटलेलं नातवाला खपत नाही. तिला म्हणायचं 'रॉक क्रॉलर'. खऱ्या जीपच्या साधारण एक दशांश आकाराची ही गाडी. तिला वेग नसतो, आणि तो हवाही नसतो. दगडांवरून, कपारींतून ती घोरपडीसारखी इंच इंच चढते. स्पर्धेत दगडांमध्ये खुणांच्या जोड्या रोवतात. त्यांच्यामधून न धडकता गाडी न्यायची. खुणेला चाक लागलं की दंड, गाडी मागे घेतली तरी दंड. नातवाच्या मित्रमंडळींची अशीच एक चढाओढ आठ दिवसांवर आली होती.

बहुतेक क्रॉलरमध्ये मधोमध एकच मोटार असते आणि शाफ्टने शक्ती पुढच्या-मागच्या चाकांना जाते. नातवाच्या गाडीत मात्र पुढच्या अ‍ॅक्सलवर एक आणि मागच्या अ‍ॅक्सलवर एक अशा दोन स्वतंत्र मोटारी. त्यामुळे वजन खाली, चाकांजवळ राहतं. शिवाय मागची चाकं जागच्या जागी धरून ठेवायची आणि पुढच्यांनी ओढायचं, असंही करता येतं. गाडी मागच्या चाकांभोवती गर्रकन वळते. बैलगाडी अरुंद बोळात वळवताना एक चाक अडवतात ना, त्यातलाच प्रकार. पण यासाठी दोन्ही मोटारींवर वेगवेगळा ताबा हवा, म्हणून दोन स्पीड कंट्रोलर.

हा कंट्रोलर म्हणजे काडेपेटीएवढी डबी. एका बाजूने बॅटरीच्या दोन जाड वायरी, दुसऱ्या बाजूने मोटारीच्या दोन, आणि तिसरी एक बारीक तीनपदरी वायर रिसीव्हरकडे. रिसीव्हर तिच्यातून सतत विजेचे ठोके पाठवतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असला तर थांब, दोनकडे गेला तर पुढे, एककडे आला तर मागे.

दोन्ही कंट्रोलर एकाच बॅटरीवर समांतर जोडायचे. लाल लालला, काळी काळीला. मी स्वच्छ डाग दिले, वर आकसणारी नळी चढवली. काम देखणं झालं, हे आजही सांगतो. मग दोन्ही तीनपदरी वायरी रिसीव्हरमध्ये खोचल्या आणि बटण दाबलं.

स्टिअरिंगची चाकं एकदा थरथरली. मिनिटभरात तो वास आला. विजेच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसाला तो ओळखायला नाक वर करावं लागत नाही. मी बॅटरी ओढून काढली, पण तोवर मागचा कंट्रोलर गेला होता. नातू काहीच बोलला नाही. दोन दिवाळ्यांच्या ओवाळणीचे पैसे साठवून त्याने ती गाडी उभी केली होती. तो रडला असता तर बरं झालं असतं.

चूक कुठे झाली, ते रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं. कंट्रोलर नुसती मोटार चालवत नाही. बॅटरीच्या सात-आठ व्होल्टमधून पाच-सहा व्होल्ट काढून तो रिसीव्हरला आणि स्टिअरिंगच्या सर्व्होलाही पुरवतो. हा पुरवठा तीनपदरी वायरीतल्या मधल्या लाल वायरीतून येतो. म्हणजे मी एकाच रिसीव्हरला दोन पुरवठे जोडले होते. त्यात एक कंट्रोलर नवा, सहा व्होल्ट देणारा, दुसरा मित्राकडून घेतलेला जुना, पाचचा. सहावाल्याने पाचवाल्याच्या पोटात उलटी वीज ढकलली. कारखान्यात दोन जनरेटर एका बसबारवर घेताना आम्ही व्होल्टेज जुळवायचो, फ्रिक्वेन्सी आणि फेज जुळवायचो, मगच स्विच मारायचो. एखाद्या नवख्याने न जुळवता मारला असता, तर मी त्याची काय खरडपट्टी काढली असती! आणि इथे, खेळणं समजून, मी तेच केलं. नातू उगाच रागावत नव्हता.

सकाळी त्याला सगळं सांगितलं, चूक माझी असल्याचंही. मग दोघं दुकानात गेलो आणि चांगल्या कंट्रोलरचा जुळा भाऊ माझ्या पेन्शनमधून आणला. या वेळी एका कंट्रोलरच्या तीनपदरी वायरीतली मधली लाल पिन टाचणीने प्लॅस्टिकची जीभ उचलून बाहेर काढली, दुमडली आणि टेप लावून बंद केली. काळी आणि ठोक्यांची वायर मात्र तशीच ठेवायची. जुळे असले तरी एक लाल काढायचीच. दोघांच्या व्होल्टमध्ये थोडा जरी फरक असला तरी सगळा भार एकावरच पडतो. सर्व्हो फारच दांडगा असेल तर रिसीव्हरसाठी वेगळा पुरवठा बसवतात. तेव्हा दोन्ही लाल काढाव्या लागतात.

पुढे दोन गमती झाल्या. पहिल्यांदा पुढची चाकं पुढे आणि मागची मागे फिरायला लागली. या मोटारी कार्बन ब्रशच्या, त्यामुळे एका मोटारीच्या दोन वायरी आपसात बदलल्या की झालं. (हा उपाय बॅटरीच्या वायरींवर करू नये. तिथे अदलाबदल झाली की पुन्हा तोच वास.) मग चढावर मागची चाकं आधी सुटायची, पुढची क्षणभर झोपलेली, आणि गाडी उताणी. दोन्ही कंट्रोलरना रिमोटचा 'थांब' आणि 'पूर्ण' एकेकदा शिकवावा लागतो. तो आम्ही एकालाच शिकवला होता. दुसऱ्यालाही शिकवला, तेव्हा चारही चाकं एकदम हलली.

शनिवारी संध्याकाळी दारणेच्या कोरड्या पात्रात गाडी सोडली. तिथला काळा कातळ दिवसभर तापलेला. गुडघ्याएवढ्या दगडाला तिने पुढची चाकं लावली, नातवाने मागची धरली, गाडी वळली आणि वर गेली. "आजोबा, आता तुम्ही," म्हणून त्याने रिमोट माझ्या हातात दिला. मी ती पहिल्याच उतारावर पाडली.

चढाओढीत त्याचा तिसरा नंबर आला, स्पर्धक पाच होते. जळालेला कंट्रोलर माझ्या खणात आहे. त्याच्या आईला अजून वाटतं की तो जुना होता म्हणून आपोआप गेला. आम्ही दोघांनी तसं ठरवलं होतं. ती आज रेडिओ ऐकत असेल, तर सूनबाई, संध्याकाळच्या चहाला येतो, तेव्हा बोलू.