उमेदवारी करायची, पण कागद करून

गेल्या वेळी आपण गटाच्या बँक कर्जाबद्दल बोललो होतो. आज आपल्या मुलींबद्दल आणि सुनांबद्दल बोलायचं आहे. विषय आहे शिकाऊ उमेदवारी. कारखान्यात त्याला सगळे ‘अप्रेंटिस’ म्हणतात.

उमेदवारी म्हटलं की आपल्याला आधी ग्रामपंचायतीचा अर्ज आठवतो. पण शब्दाचा हाही अर्थ जुनाच आहे. जाणत्या माणसाच्या हाताखाली राहून काम शिकायचं, याला उमेदवारी करणं म्हणायचे. सुताराचा मुलगा बापाजवळ रंधा धरायला शिकला, लोहाराचा मुलगा ऐरणीपाशी शिकला. मग मुली शिकल्याच नाहीत का? घिसाडी समाजाच्या बाया रस्त्याकडेला घण मारताना आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. घाव बाईचा असतो, पण विळा कुणी केला विचारलं तर नाव पुरुषाचंच येतं. काम येतं, पण ते येतं असं सांगणारा कागद नाही, ही बाईची जुनी अडचण आहे. म्हणून आज आम्ही कागदावर जरा जास्तच बोलणार आहोत, कंटाळू नका.

आपल्या कोल्हापूर भागात कामाची कमी नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या एमआयडीसीत फौंड्र्या आहेत, मशीन शॉप आहेत. तिकडे पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडीचा कारखाना तर १९१० पासून उभा आहे. आधी नांगर, मग पंप. आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी तिथं हत्यारं धरली आणि कारागीर झाली. आपल्या मुली मात्र त्याच रस्त्यानं एसटीत बसून कॉलेजला जातात, बी.ए. होतात आणि घरी येतात. आम्हीही बी.ए. आहोत, त्यामुळे बी.ए.ला नावं ठेवत नाही. पण हाताला धंदा लागण्याचा दुसराही रस्ता आहे, तो घरात कुणी सांगत नाही.

तर हा रस्ता कसा आहे? १९६१ साली देशात शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. आज नियम असा आहे की ३० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील, त्या आस्थापनेनं शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत. शंभर माणसांमागे अडीच ते पंधरा, एवढे. ४ ते २९ माणसं असतील तर मालकाच्या मर्जीवर आहे. म्हणजे मुलगी अप्रेंटिस म्हणून दारात उभी राहते तेव्हा ती उपकार मागत नसते. मोठ्या कारखान्याला माणसं घ्यायचीच असतात.

वय १४ पूर्ण पाहिजे, धोक्याच्या कामासाठी १८. वरच्या वयाची मर्यादा कायद्यात नाही, कंपन्या आपापली अट घालतात ते वेगळं. आयटीआय झालेली असेल तर चांगलंच. नसेल तरी दार बंद नाही, काही कामांना पाचवी पासही चालते. काळ सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत, कामाप्रमाणे. आयटीआय झालेल्या मुलीला बहुतेक ट्रेडमध्ये एक वर्ष करावं लागतं.

आणि पैसे? त्याला विद्यावेतन म्हणतात, पगार नव्हे. २०१९ च्या नियमांत कमीत कमी रक्कम ठरवली, ती अशी: पाचवी ते नववीपर्यंत शिकलेलीला ५,०००, दहावीला ६,०००, बारावी आणि आयटीआयला ७,०००, डिप्लोमाला ८,०००, पदवीला ९,०००. दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढ. या रकमा सरकार बदलतं, त्यामुळे सही करायच्या दिवशी चालू आकडा विचारून घ्यायचा. केंद्राच्या योजनेत नोंद असेल तर विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार थेट मुलीच्या खात्यावर टाकतं. म्हणून खातं तिच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं पाहिजे. बापाचं नको, भावाचं नको.

एका बैठकीत एक मावशी म्हणाल्या, “सहा हजारांत काय होतंय? माझी पोरगी खुरपणीला गेली तरी तेवढं आणती.” मावशींचा हिशोब बरोबर आहे. ३०० रुपये हजेरी धरली आणि महिन्यात २० दिवस काम लागलं, तर सहाच हजार. एसटीचं तिकीट बायकांना निम्मं असलं तरी रोजचा खर्च वेगळाच. पहिल्या वर्षी अप्रेंटिस मुलगी खुरपणीवालीपेक्षा मागंच राहील, हे आम्ही लपवत नाही. पण खुरपणीची हजेरी दहा वर्षं खुरपलं म्हणून वाढत नाही. गावात रोज वाढला तरच वाढते. मशीनवरच्या बाईचं तसं नाही. तिला काय काय येतं त्यावर तिचा पगार ठरतो.

इथंच खरी मेख आहे. ‘काय काय येतं’ याच्यावर आम्हाला आज तुमचं लक्ष हवं आहे.

समजा मुलगी सीएनसी मशीनवर लागली. पहिल्या दिवशी तिला दाखवतात: जॉब असा बसवायचा, दार लावायचं, हिरवं बटण दाबायचं. यंत्र आपलं आपण कापतं. जॉब काढायचा, दुसरा लावायचा. हे दोन दिवसांत येतं. पण बटण दाबणं म्हणजे कौशल्य नव्हे. ड्रॉइंग वाचून माप काढणं, टूल झिजलं की बदलणं, जॉब मापात येत नसेल तर ऑफसेट देऊन तो मापात आणणं, मायक्रोमीटर आणि व्हर्नियर हातात घेऊन खात्री करणं, हे कौशल्य. तिथं हिशोब मायक्रॉनमध्ये चालतो. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, आणि कधी कधी जॉब पाच-दहा मायक्रॉननं चुकला तरी भंगारात जातो. बटण दाबणाऱ्याला ऑपरेटर म्हणतात आणि मशीन लावून देणाऱ्याला सेटर. दोघांच्या पगारात फरक पडतो, आणि मंदी आली की आधी कुणाला घरी पाठवतात ते तुम्हीच ओळखा.

आमच्या माहितीतल्या एका कारखान्यात (नाव घेत नाही) चार मुली वर्षभर अप्रेंटिस होत्या. चौघींनी वर्षभर पॅकिंग केलं. खोकी भरली, पट्ट्या मारल्या. विद्यावेतन वेळेवर मिळालं, वागणूकही वाईट नव्हती. पण वर्ष संपलं तेव्हा ट्रेडची परीक्षा द्यायची तर यांना मशीनला हात लावल्याचं आठवेना. त्यातल्या दोघी आता दुसरीकडे पॅकिंगच करतात. स्वस्तातली मजूर म्हणून वापरणं आणि शिकवणं यात फरक आहे, आणि तो मुलीच्या आईला दूरवरून दिसत नाही. म्हणून आम्ही आता मुलींना एक वही देतो. आज काय केलं, कुणी दाखवलं, स्वतः काय केलं, रोज दोन ओळी. महिन्यानं ती वही गटाच्या बैठकीत वाचतो. लागोपाठ तीन आठवडे ‘जॉब लावला, जॉब काढला’ असंच आलं, तर मुलीनं सुपरवायझरसाहेबांना विचारायचं, मला टूल बदलायला कधी दाखवणार? विचारल्याचा राग येत नाही. चांगल्या सुपरवायझरला तर विचारणारी मुलगी आवडते.

आता कागद. करार झाला पाहिजे आणि तो शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर नोंदला गेला पाहिजे. मुलगी १८ च्या आतली असेल तर पालकाची सही लागते. तिथं आईची सहीही चालते हे लक्षात ठेवा. करारात कोणतं काम शिकवणार, किती महिने, किती विद्यावेतन, हे असतं. त्याची प्रत घरी आणायची. “नोंदणी नंतर करू, आधी कामाला या,” असं कुणी म्हटलं तर ती उमेदवारी नव्हे, ती नुसती बिनकागदाची मजुरी. एजंटनं पैसे मागितले तर तिथूनच परत यायचं. शिकाऊ उमेदवार व्हायला फी नसते.

कराराचे फायदे ऐका. उमेदवाराला पीसवर काम देता येत नाही, कायद्यातच मनाई आहे. शिवणकामाच्या युनिटमध्ये हे फार उपयोगी पडतं, कारण तिथं “जेवढे पीस तेवढे पैसे” असंच सांगतात. ओव्हरटाइम सरकारच्या सल्लागाराच्या मंजुरीशिवाय करायला लावता येत नाही. कारखान्याच्या सुट्ट्या तिलाही मिळतात. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. एका महिन्याचं विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मिळालं पाहिजे. भांडण झालंच तर शिकाऊ उमेदवारीच्या सल्लागाराकडे दाद मागता येते.

आणि एक, जे घरात उघड बोललं जात नाही पण सगळ्यांच्या मनात असतं. कामाच्या ठिकाणी कुणी वेडंवाकडं वागलं तर? २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात ‘अप्रेंटिस’ हा शब्द स्पष्ट घातलेला आहे. ती कायम कामगार नाही म्हणून तिची तक्रार घ्यायची नाही, असं चालत नाही. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती असलीच पाहिजे, कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. पहिल्याच आठवड्यात समितीत कोण बाई आहेत ते विचारून वहीत नाव लिहायचं. घाबरवायला सांगत नाही, ठाऊक असावं म्हणून सांगतो.

कागदानं काय मिळत नाही तेही सांगायला हवं. मुदत संपली की नोकरी देण्याचं मालकावर बंधन नाही. भविष्य निर्वाह निधी कापला जात नाही, कारण ती कामगार धरली जात नाही. एसटी महामंडळ, महावितरण यांच्याकडेही शिकाऊ उमेदवार घेतात, पण तिथं अप्रेंटिस झाली म्हणजे सरकारी नोकरी लागली असं समजून पेढे वाटू नका. आमच्याकडे एका घरानं वाटले होते. तिथलं शिक्षण चांगलं असतं, परीक्षा पास झाल्यावर प्रमाणपत्र मिळतं, ते घेऊन पुढं जायचं असतं. कधी कधी पुढं म्हणजे गावातच. विहिरीवरची मोटर जळली की आपण ती गाडीवर टाकून तालुक्याला नेतो आणि ऐन पाण्याच्या पाळीत चार दिवस वाट बघतो. वाइंडिंग शिकलेली एक मुलगी गावात असली तर?

दोन वर्षांपूर्वी आलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना वेगळी होती. तिथं ऑफिसातला अनुभव मिळाला, पैसेही बरे होते, पण ती या कायद्यातली उमेदवारी नव्हे. दोन्हींची गल्लत करू नका.

आता आमचं खरं गाऱ्हाणं. आपला गट म्हशीला कर्ज देतो, शेळीला देतो, लग्नाला तर हात सैल सोडून देतो. मुलीच्या उमेदवारीला कर्ज मागितलं की सगळ्याजणी एकमेकींकडे बघतात. “मशीनवर उभी राहिली तर सोयरीक कोण आणणार?” असं एक आक्का म्हणाल्या. त्यांच्याच पुतणीला परवा स्थळ आलं, मुलाच्या आईनं पहिला प्रश्न विचारला तो पगाराचा. जग आपल्या बैठकीपेक्षा जरा पुढं गेलंय, एवढंच.

तर हिशोब करू. मुलगी १ तारखेला रुजू झाली तर पहिले पैसे पुढच्या महिन्याच्या दहापर्यंत. तोवर चाळीस दिवस काढायचे. खोली मैत्रिणींबरोबर वाटून घेतली तरी भाडं आणि अनामत, जेवण, तिकीट, सेफ्टी शूज कंपनीनं दिले नाहीत तर तेही. अंदाजे सहा हजार रुपये. गटातून हे दिले, दर शेकडा दोन रुपये धरला, तर पहिल्या महिन्याचं व्याज १२० रुपये. महिन्याला ६०० मुद्दल फेडलं तर दहा महिन्यांत कर्ज संपतं, उमेदवारीचं वर्ष संपायच्या आधी. म्हैस आटली तर हप्ता थकतो. विद्यावेतन दर महिन्याला येतं. कोणतं कर्ज जास्त जोखमीचं, तुम्ही ठरवा. आमच्या तीन गटांनी असा ठराव इतिवृत्तात लिहून घेतला आहे, त्याची नक्कल हवी असेल त्यांनी प्रभागाच्या ऑफिसात मागावी.

सुनांचंही याच बैठकीत काढा. लग्न झालेल्या बाईला उमेदवारी करता येत नाही असं कुठंही लिहिलेलं नाही. लेकराला कोण बघणार, एवढाच प्रश्न असतो, आणि तो सासूबाई सोडवू शकतात. सासूबाईही आपल्याच गटात आहेत.

चौकशीला सुरुवात करायची ती जवळच्या आयटीआयपासून. तिथं शिकाऊ उमेदवारीचं काम बघणारे साहेब असतात, कुठल्या कारखान्यात कोणत्या ट्रेडच्या जागा आहेत ते तेच सांगू शकतात. बरोबर आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, शेवटच्या परीक्षेचं गुणपत्रक, बँकेचं पासबुक आणि दोन फोटो घ्या. मोबाइल नंबर मुलीचा स्वतःचा द्या, कारण ओटीपी त्याच्यावर येतो आणि दादा शेतात असला की सगळं अडतं. येत्या मासिक बैठकीला ज्या मुली येतील, त्यांची नोंदणी आम्ही तिथंच बसून करून देऊ. पासबुक विसरू नका.